एका पाकिटाची एकवीस पिल्लं: सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतल्या नोंदी संगणकावर नेताना

रसायनांच्या प्रयोगशाळेत एखाद्या आकड्यावर शंका आली, तर उरलेला नमुना फ्रीजमधून काढून यंत्राला पुन्हा लावता येतो. आमच्याकडे, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये, ती सोय जवळपास नाहीच. नमुना जिवंत असतो. आज त्यात जेवढे जिवाणू होते तेवढे परवा नसतात. वाढलेले तरी असतात, नाहीतर मेलेले. आणि ज्या प्लेटवर, म्हणजे झाकणाच्या चपट्या बशीत, कॉलन्या (जिवाणू वाढून झालेले, डोळ्यांना दिसणारे ठिपके) मोजल्या ती प्लेट, वाचन झालं की मामा पिशवीत भरतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, टाकतात. १२१ अंशांची वाफ लागली की प्लॅस्टिकचा नुसता गोळा होतो. निकालाचा पुरावा आम्ही आमच्याच हाताने नष्ट करतो, आणि तो करायलाच हवा, कारण तिथे रोगजंतू वाढलेले असू शकतात. मागे उरते वहीतली एक ओळ: तारीख, नमुना क्रमांक, काउंट म्हणजे मोजलेल्या कॉलन्यांचा आकडा, सही.

ही वही आता संगणकावर चालली आहे. औषध कंपन्यांनी ते काम आधी केलं, अन्न आणि पाणी तपासणाऱ्या मधल्या आकाराच्या लॅब आता करताहेत. अशा सॉफ्टवेअरला ‘लिम्स’ म्हणतात, लॅबोरेटरी इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टीम या लांबलचक नावाचं लघुरूप. विकायला येणारे म्हणतात, मॅडम, सगळं पेपरलेस होईल. मी बारा वर्षं लॅबच्या बाकावर प्लेटा ओतल्यात आणि त्यानंतर अशाच नोंदी संगणकावर नेण्याच्या कामात आहे, त्यामुळे त्या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. पण या बदलाने नेमकं काय होतं, ते लॅबबाहेरच्या माणसालाही कळावं असं आहे. आपण पितो ते पाणी, खातो तो मसाला आणि टोचून घेतो ते इंजेक्शन, सगळं याच ओळीच्या भरवशावर बाजारात येतं.

आधी पिल्लं मोजू

मिरची पुडीचं एक पाकीट तपासायला आलं. त्यातली १० ग्रॅम पूड ९० मिली निर्जंतुक द्रावणात मिसळली, की ती दहा पट पातळ झाली. त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत टाकलं, की शंभर पट. आणखी एकदा, की हजार पट. एकूण जिवाणू मोजायचे तर या तिन्ही पातळ्यांच्या दोन-दोन प्लेटा, म्हणजे सहा. बुरशी आणि यीस्टसाठी दोन पातळ्या, चार प्लेटा. कोलिफॉर्मसाठी, म्हणजे घाणीची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंसाठी, आणखी चार. मग साल्मोनेला, अन्नातून विषबाधा करणारा जिवाणू. त्याला मोजत नाहीत, तो ‘आहे की नाही’ एवढंच पाहतात. त्यासाठी २५ ग्रॅम पूड २२५ मिली द्रवात रात्रभर ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती दोन वेगवेगळ्या ब्रॉथमध्ये (पोषक द्रवांत) घालायची, आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक ब्रॉथमधून दोन प्रकारच्या आगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या पोषक थरावर, रेघा ओढायच्या. एक बाटली, दोन नळ्या, चार प्लेटा.

बेरीज एकवीस. दिवसाला अशी चाळीस पाकिटं आली तर ८४० भांडी, आणि सगळी एका ठिकाणी नाहीत. एकूण जिवाणूंच्या प्लेटा ३० अंशांवर ७२ तास, बुरशीच्या २५ अंशांवर पाच दिवस, साल्मोनेलाचा एक ब्रॉथ ४१.५ अंशांवर तर दुसरा ३७ वर. त्यामुळे कुठल्याही सकाळी इनक्युबेटर, म्हणजे ठरलेलं तापमान राखणारं कपाट, उघडला, की आतमध्ये पाच वेगवेगळ्या दिवसांची कामं एकावर एक रचलेली दिसतात. लॅबमध्ये नमुना ‘ट्रॅक’ करायचा म्हणजे कुरिअरच्या खोक्यासारखा एकाच वस्तूचा प्रवास पाहायचा नसतो. इथे वस्तूला रोज पिल्लं होतात.

कागदावर हे कसं चालायचं? काचेवर लिहायच्या मेणपेन्सिलीने किंवा मार्करने प्रत्येक प्लेटच्या बुडावर नमुना क्रमांक, पातळी, तारीख, आद्याक्षरं. बुडावर, झाकणावर नाही. ही पहिल्या दिवसाची शिकवण. मोजताना चार झाकणं एकदम काढली की ती कुणाची कुणावर बसतील याचा नेम नाही, पण कॉलनी ज्या आगरवर वाढली ते आगर बुडातच असतं. शिवाय प्लेटा इनक्युबेटरमध्ये उलट्या ठेवतात, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी आगरवर टपकत नाही. त्यामुळे बूड वरच्या बाजूला येतं आणि वाचताही येतं.

संगणकीकरणाचा पहिला फटका मला इथेच बसला. त्या लॅबने झोकात छापील स्टिकर आणले, साध्या कागदाचे, दुकानाच्या बिलासारखे. दोन दिवस दमट इनक्युबेटरमध्ये राहिल्यावर त्यातले चार स्टिकर सुटून तळाशी पडले, आणि वर चार निनावी प्लेटा. कुठला कुणाचा, ते ओळखायचा काही मार्ग नव्हता. सगळं पुन्हा लावलं, गिऱ्हाईकाचे तीन दिवस गेले. नंतर कळलं की ओल, गारठा आणि अल्कोहोलचा बोळा सोसणारं लेबल प्लॅस्टिकच्या फिल्मवर, रिबनच्या शाईने छापलेलं लागतं. लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरचा जीव शेवटी लेबलच्या डिंकात असतो, हे निविदेत कुणी लिहीत नाही.

नंबर मुका हवा

बारकोड म्हणजे काही जादू नाही. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या पुड्यावर तो पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला, आणि तेव्हापासून त्याचं काम तेच आहे: एक नंबर, माणसाच्या डोळ्यांशिवाय, न चुकता वाचणं. पट्ट्यांमध्ये पाकिटाची माहिती नसते, फक्त नंबर असतो, माहिती संगणकात. नंबरच्या आत बहुधा एक तपासणीचा आकडाही लपवलेला असतो. आधीच्या आकड्यांवर ठरलेलं गणित केलं की तो आकडा यायला हवा. नाही आला तर वाचन चुकलं, आणि यंत्र ते घेतच नाही. घाईत १०४७ चा १०७४ करणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा आकडा नसतो.

प्लेटवर पट्ट्यांचा कोड चालतो. बारीक नळीवर तो वळतो आणि वाचला जात नाही, म्हणून तिथे चौकोनी ठिपक्यांचा, डेटा मॅट्रिक्स नावाचा कोड घेतात. कांद्याच्या बीएवढ्या जागेत मावत नसला तरी चण्याच्या डाळीएवढ्या जागेत मावतो.

एका गोष्टीवर मात्र मी प्रत्येक लॅबमध्ये भांडते. सगळ्यांना नंबरमध्ये अर्थ हवा असतो. ‘अन्न’ म्हणून अमुक अक्षर, मग वर्ष, महिना, गिऱ्हाईकाचा कोड, शेवटी अनुक्रम. दिसायला छान, पण चुकून अन्नाच्या रांगेत घेतलेला नमुना पाण्याचा निघाला की नंबर खोटं बोलू लागतो, आणि नंबर तर बदलायचा नसतो. शिवाय प्लेट मोजणाऱ्याला नंबरवरूनच गिऱ्हाईक कळलं, तर ‘हे नेहमीचेच, यांचं काही निघत नाही’ हा विचार डोळ्यांआधी मोजायला बसतो. नंबर मुका असावा. बोलायचं काम संगणकाचं.

आणि हे मुके नंबर फक्त पाकिटाच्या पिल्लांना देऊन भागत नाही. ज्या आगरवर कॉलनी वाढली ते आगरही कुठून तरी आलेलं असतं: पावडरचा डबा, त्याचा लॉट, वजन करणारा माणूस, ऑटोक्लेव्हची फेरी, ओतल्याची तारीख. हे आगर चांगलं आहे, म्हणजे त्यावर जिवाणू खरंच वाढतात, हे दाखवायला ओळखीचे जिवाणू मुद्दाम थोड्या संख्येने टाकून पाहावे लागतात. औषधांच्या लॅबमध्ये त्यासाठी शंभराहून कमी पेशी टाकायच्या आणि आधी मान्य झालेल्या लॉटच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त कॉलन्या आल्या तर लॉट नापास. त्या ओळखीच्या जिवाणूंचीही कुंडली असते. ते संग्रहालयातून विकत आणतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ‘एनसीआयएम’ हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंदीगडला ‘एमटीसीसी’ आहे. आणलेल्या मूळ जिवाणूची रोपामागून रोप करावं तशी नव्या आगरवर पुन्हा पुन्हा लावणी करत गेलं तर तो हळूहळू बदलू शकतो, म्हणून पाच पिढ्यांपलीकडे वापरायचा नाही असा दंडक. आता हा चौथा की पाचवा, हे नळीवर मार्करने लिहिलेल्या, उणे २० अंशांवर अर्धवट पुसलेल्या अक्षरांवरून ठरवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

हे सगळे धागे जोडलेले असले की दोन दिशांनी जाता येतं. मागे: या अहवालातल्या आकड्यामागे कुठलं आगर, कुठला इनक्युबेटर, कोण? आणि पुढे, जे जास्त कठीण: आज अकरा वाजता लक्षात आलं की मंगळवारचा आगरचा लॉट खराब होता, तर तो कुठल्या नमुन्यांना लागला, आणि त्यातले किती अहवाल बाहेर गेले? कागदावर मी हे शोधलंय. तीन रजिस्टरं, दोन माणसं, दीड दिवस, आणि शेवटी ‘बहुधा एवढेच’. जोडलेल्या नोंदींत हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. माझ्या मते लिम्सची किंमत वसूल होते ती या एका प्रश्नात. बाकी सोयी मिळाल्या तर बऱ्या.

बाटली क्रमांक ५३-एन

हा मागोवा घेण्याचा प्रकार नवीन नाही, आणि त्याचा सर्वांत दुखरा धडा मुंबईच्या परळशी जोडलेला आहे. जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती लाखोंच्या संख्येने बाहेर पडू लागली. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. पाच बाटल्या वापरल्या होत्या. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले निघाले, क्रमांक ५३-एन.

बाटलीवर नंबर होता आणि कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं हे नोंदलेलं होतं, म्हणून एवढं तरी कळलं. पण जंतू बाटलीत कधी शिरले? परळात भरताना, की गावात उघडताना? चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेकडे दिला, हाफकिन निलंबित झाले. नंतर पुढे आलं ते असं: गावात बाटलीचं बूच काढायचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली, त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली. परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

मी नव्या पोरांना हे सांगते ते भावनेसाठी नाही. नोंदीची साखळी ‘कुठली बाटली’पर्यंत पक्की होती, ‘कुठल्या क्षणी काय झालं’ तिथे तुटलेली होती. आणि जिथे ती तुटली तिथे संशय हवा तिकडे वळला. आजही साखळी बहुधा तिथेच तुटते, लॅबच्या दाराबाहेर. गावातल्या नळाचं पाणी आणायला गेलेल्या माणसाने बाटली किती वाजता भरली? पाण्यात क्लोरीन होता तर तो निष्प्रभ करायला बाटलीत सोडियम थायोसल्फेट होतं का? नसेल तर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो, आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. बर्फाचा डबा होता का, की बाटली एसटीच्या टपावर तापत आली? चोवीस तासांच्या आत तपासणी सुरू झाली का? दारात आल्यावर बारकोड चिकटवला तर संगणकाला या गोष्टी कधीच कळणार नाहीत. म्हणून शहाण्या लॅब रिकाम्या बाटलीवरच लेबल लावून ती बाहेर पाठवतात, आणि नमुना घेणारा जागेवरच मोबाइलने कोड वाचतो; वेळ आणि ठिकाण आपोआप बसतं. स्वीकारताना डब्यातलं तापमान मोजून टाकायचं. जास्त निघालं तर नमुना परत.

घड्याळ, सुट्ट्या आणि फेरफार

आमच्या कामात उशीर हीसुद्धा चूक असते आणि घाई हीसुद्धा. ७२ तासांच्या प्लेटला अलीकडे-पलीकडे तीन तासांची मुभा. सोमवारी दुपारी चारला आत गेलेली प्लेट गुरुवारी एक ते सात या वेळातच वाचायची. कागदावर सगळे प्रामाणिकपणे तारीख लिहितात, वेळ मात्र ‘सकाळी’ लिहिली जाते. प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवताना आणि काढताना कोड वाचला की वेळ संगणक लिहितो, आणि रोज सकाळी यादी देतो: आज या वाचायच्या, या अजून कच्च्या. कच्चीचा काउंट टाकायला गेलात तर घेत नाही, किंवा कारण विचारतो.

याच यादीचा दुसरा उपयोग पुढचं पाहण्याचा. पाच दिवसांची परीक्षा कधी लावायची म्हणजे वाचन रविवारी येणार नाही? औषधांच्या निर्जंतुकतेची परीक्षा चौदा दिवस चालते. ती कुठल्याही दिवशी लावा, मध्ये काहीतरी येतंच. पुण्यातल्या लॅबला अनंत चतुर्दशीच्या दिवशी पेठेतून माणूस कामावर पोचेल का हा तांत्रिक प्रश्नच आहे. एका लॅबमध्ये आम्ही सॉफ्टवेअरच्या सुट्ट्यांच्या यादीत विसर्जनाचा दुसरा दिवसही घातला. तो सरकारी यादीत नव्हता, पण वाचायला कुणी येत नव्हतं हे वहीतल्या सलग काही वर्षांच्या रिकाम्या जागा सांगत होत्या.

आता ‘ऑडिट ट्रेल’. हा शब्द ऐकला की सगळ्यांच्या कपाळाला आठी पडते, पण ज्याने सातबारा पाहिलाय त्याला तो समजवायला अर्धं मिनिट पुरतं. जमीन विकली म्हणून तलाठी जुन्या मालकाचं नाव खोडरबराने पुसत नाही. जुन्या नावाला कंस होतो, नवं नाव येतं, आणि शेजारी फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला की कुठल्या कारणाने, कधी, कुणी बदल केला ते दिसतं. लॅबच्या नोंदीचंही तसंच. ३४ चे ४३ करायचे असतील तर जरूर करा, चूक होते. पण ३४ दिसत राहिले पाहिजेत, कुणी आणि कधी बदलले ते दिसलं पाहिजे, आणि कारण लिहिलेलं पाहिजे. प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १७०२५च्या २०१७च्या आवृत्तीत, हेच आहे: मूळ आणि दुरुस्त, दोन्ही ठेवा. अमेरिकेच्या औषध नियामकाने संगणकी नोंदी आणि सह्यांचे नियम १९९७ मध्येच लागू केले. आपल्याकडे औषध उत्पादनासाठीचं सुधारित ‘शेड्यूल एम’ डिसेंबर २०२३ला अधिसूचित झालं, त्यात संगणकी प्रणालींची भर आहे.

हे नियम कागदी खेळ वाटतात तोवर एक गोष्ट लक्षात घ्या. औषध कारखान्यांच्या तपासणीत असे प्रसंग सापडलेले आहेत, की इनक्युबेटरमधल्या प्लेटवर कॉलन्या दिसताहेत आणि वहीत शून्य. किंवा वहीत सकाळी घेतलेला नमुना आहे आणि प्लेट कुठेच नाही. अशा वेळी माणूस वाईट असतोच असं नाही. एक कॉलनी आली की चौकशी, चौकशीचे वीस पानांचे फॉर्म, थांबलेली बॅच, वरून फोन. शून्य लिहिलं की घरी जाता येतं. ज्या लॅबमध्ये खरं लिहिणाऱ्यालाच शिक्षा होते, तिथे सॉफ्टवेअर फक्त खोट्याची वेळ अचूक नोंदवतं.

आणि हो, सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन. ‘मायक्रो१’, पासवर्ड भिंतीवर. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिल्या दिवशी मी भिंतीच पाहते. फेरफार उतारा आहे, पण प्रत्येक फेरफार ‘गावकऱ्यांनी’ केलेला, असा तो प्रकार.

गणित आणि एक्सेल

काउंटवरून निकाल काढायचं गणित अवघड नाही, पण फसवं आहे. समजा शंभर पट पातळ केलेल्या दोन प्लेटांवर १५२ आणि १६४ कॉलन्या, हजार पटीच्या दोन प्लेटांवर १३ आणि १७. चारही मिळून ३४६. आता या चार प्लेटांवर मूळ पूड किती पडली? प्रत्येकी १ मिली ओतलं, म्हणजे पहिल्या दोनांत ०.०१ ग्रॅम प्रत्येकी, पुढच्या दोनांत ०.००१ प्रत्येकी, बेरीज ०.०२२ ग्रॅम. ३४६ ला ०.०२२ ने भागलं की १५,७२७, आणि दोन सार्थ अंकांत १६,००० प्रति ग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकलं की मसाला नापासाचा पास होतो.

एकही कॉलनी नाही आली तर? निकाल ‘०’ नाही. दहा पट पातळ केलेलं १ मिली तपासलं म्हणजे ०.१ ग्रॅमच पाहिला, म्हणून निकाल ‘१० पेक्षा कमी’. हे ‘पेक्षा कमी’ साध्या तक्त्यात मावत नाही. कुणी तिथे ० लिहितं, कुणी १०, कुणी रकाना मोकळा सोडतं, आणि वर्षाअखेरी सरासरी काढली की तिघांची तीन उत्तरं. सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला विचारायचा माझा पहिला प्रश्न हाच असतो: ‘१० पेक्षा कमी’ आणि ‘मोजण्यापलीकडे’ हे दोन निकाल तुम्ही कसे साठवता? रसायनाच्या लॅबसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर इथे अडखळतं.

‘आमचं एक्सेलवर मस्त चाललंय’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोन लोकांच्या लॅबला ते पुरतंही, सूत्राचे रकाने कुलूपबंद असतील आणि सूत्र हाताने तपासून ठेवलं असेल तर. पण एक्सेल आपल्या मनाने गोष्टी करतं. जनुकांच्या ‘सेप्ट२’सारख्या नावांच्या त्याने इतक्या वेळा तारखा केल्या, की शेवटी २०२० मध्ये माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून आठवडाभर गळले, कारण लॅबकडून आलेल्या नोंदी एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ओतल्या जात होत्या आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत. फाइल भरली, पुढचं सगळं सांडलं, घंटा वाजली नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. प्लेटचा फोटो काढून कॉलन्या मोजणारी यंत्रं आता बरी झाली आहेत, पण मिरचीचा कण आणि बारीक कॉलनी यांत ती अजून गोंधळतात, पसरट जिवाणूने अर्धी प्लेट व्यापली तर मोजतच बसतात. मी त्यांची शिफारस करते ती मोजणीसाठी नाही, फोटोसाठी. प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेली तरी फोटो राहतो. अहवालावर सहा महिन्यांनी कुणी बोट ठेवलं तर वहीतल्या ओळीशिवाय आणखी काहीतरी दाखवायला असतं. मोजायला माणूस बसू दे. पण फोटो आधी, आकडा नंतर.

आणताना काय होतं

बहुतेक लॅब एकच चूक करतात: रजिस्टरचं पान जसंच्या तसं पडद्यावर उतरवतात. मग मुलगी बाकावर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे लिहिते आणि संध्याकाळी बसून ते संगणकात भरते. काम दुप्पट झालं, चुकीला एक जागा वाढली, आणि खरी पहिली नोंद होती ते चिटोरं कचऱ्यात गेलं. नोंद बाकावरच व्हायला हवी, आणि बाक म्हणजे ऑफिसचं टेबल नव्हे. हातात मोजे, मोज्यांवर अल्कोहोल, समोर पेटता बर्नर किंवा लॅमिनारची, म्हणजे गाळून सोडलेली, हवा. टचस्क्रीन ओल्या मोज्याला दाद देत नाही. स्टँडवर बसवलेला स्कॅनर हवा, प्लेट समोर धरली की वाचणारा, म्हणजे कशाला हात लावावा लागत नाही. निर्जंतुक खोलीत तर कागद नकोच, त्याचे तंतू उडतात. तिथे टॅबलेटचा खरा फायदा आहे.

एकदम सगळं आणू नये. आधी नमुना स्वीकारणं आणि लेबलं. ते अंगवळणी पडलं की इनक्युबेटरच्या वेळा. मग आगरचे लॉट. गणित आणि अहवाल त्यानंतर. यंत्रं जोडायची हौस सगळ्यात शेवटी. पैसे नसतील तर ‘सेनाइट’सारखी मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, फुकट मिळतात, पण ती बसवणारा जाणकार फुकट मिळत नाही. रुग्णालयांत जिवाणूंवर कुठली प्रतिजैविकं चालतात याच्या नोंदीसाठी ‘हूनेट’ जगभर विनामूल्य वापरतात, मात्र ते काम वेगळं, मसाल्याच्या पाकिटासाठी नाही.

वीज गेली तर काय, हे पहिल्या दिवशी ठरवा. आमच्याकडे आधीच नंबर छापलेले शंभर कोरे फॉर्म आणि तेवढीच लेबलं सीलबंद पाकिटात असतात. वीज आली की नोंदी चढवायच्या, फॉर्म जपून ठेवायचे. बॅकअप रोज होतो असं सगळे सांगतात. तो परत उघडून दाखवा म्हटलं की आयटीवाले दादा उद्या येतात.

वही आणि संगणक काही काळ बरोबर चालवावे लागतात, दोन्हींचे आकडे जुळतात हे दाखवायला. तो काळ ठरवून संपवावा, नाहीतर संपत नाही. एका लॅबमध्ये आम्ही तीन महिन्यांनी रजिस्टर बंद केलं, कपाटाला कुलूप लावलं. पण तिथल्या सगळ्यांत ज्येष्ठ मॅडम खिशात एक छोटी डायरी ठेवायच्या. वास, रंग, ‘ही कॉलनी जरा वेगळी वाटते, उद्या बघ’, असलं काय काय. सॉफ्टवेअरमध्ये त्याला रकाना नव्हता. ऑडिटरने डायरी पाहिली आणि विचारलं, ही अधिकृत नोंद आहे का? मॅडम म्हणाल्या, नाही, ही माझी आठवण आहे. त्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी क्वालिटीवाल्यांनी पानांवर नंबर घालून, शिक्का मारून त्यांना नवी डायरी दिली, सॉफ्टवेअरमध्ये ‘निरीक्षण’ नावाचा रकाना वाढवला, आणि डायरीच्या पुठ्ठ्यावर एक बारकोड चिकटवला. या वेळी न सुटणारा.